वेबवरची मराठी बिघडली, तर दाद कुठे मागायची?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले वाचक शब्द बदलून पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारतात. कऱ्हावागज हे गावाचे नाव यादीत डोळ्यांसमोर असते, पण शोधायला गेले की 'आढळले नाही' असे उत्तर येते. साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर पहिले अक्षर मोठे करायला जावे, तर 'श्री'चे दोन तुकडे होतात. पतसंस्थेच्या ॲपवर सव्वा लाखाची ठेव १२५,००० अशी छापून येते. आणि मग शेवटी: हे सगळे ठरवतो कोण? सरकार, गूगल, की वेबसाइट बनवून देणारा मुलगा?

हे एकट्याने कोणीच ठरवत नाही. मात्र प्रत्येक गोष्ट ठरण्याची जागा ठरलेली आहे. त्यातल्या बहुतेक जागी कोणालाही, एक रुपया न भरता, लेखी म्हणणे मांडता येते. फक्त वेळ गाठावी लागते. मसुदा खुला असताना केलेल्या सूचनेचा विचार होतो, तो मंजूर झाल्यावर केलेली तक्रार पुढच्या आवृत्तीपर्यंत पडून राहते. म्हणून आधी दोष कुठला ते ओळखायचे, मग योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी लिहायचे.

दोष नेमका कुठे आहे?

बहुतेक तक्रारी चुकीच्या पत्त्यावर जातात आणि त्यामुळेच वाया जातात. कोणालाही लिहिण्याआधी एवढे करून पाहा:

- तेच पान दुसऱ्या फोनवर आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. एकाच ब्राउझरमध्ये बिघडत असेल, तर तक्रार त्या ब्राउझरच्या कंपनीकडे. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांच्याही दोषनोंदीच्या जागा सर्वांसाठी खुल्या आहेत.
- मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. तिथे रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला, तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. इथे मानकाचा, म्हणजे सर्वांनी पाळायच्या ठरलेल्या नियमांचा, काही दोष नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, बदलून घेणे हे संकेतस्थळाच्या मालकाचे काम.
- फॉन्ट बदलून पाहा. फॉन्ट बदलताच जोडाक्षर नीट दिसले, तर दोष फॉन्ट बनवणाऱ्याचा.
- सगळीकडे सारखेच बिघडते का? सगळे फोन, सगळे ब्राउझर, सगळे फॉन्ट वापरूनही चूक तीच असेल, तर मानकाकडे वळायला हरकत नाही.

सव्वा लाखाचे उदाहरण या कसोटीवर घासून पाहा. दिनांक, वार, महिने आणि आकडे कोणत्या भाषेत कसे लिहायचे याचा एक जागतिक साठा युनिकोड संस्था सांभाळते. त्याचे नाव सीएलडीआर. मराठीसाठी लाख-कोटींची विभागणी त्यात पूर्वीपासून नोंदलेली आहे. म्हणजे मानक बरोबर आहे. ॲप बनवणाऱ्याने भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवली, एवढीच गोष्ट. हा दोष पतसंस्थेच्या संगणक विभागाने एका बैठकीत मिटवायचा आहे, त्यासाठी जगाच्या संस्थेला पत्र लिहू नका.

कऱ्हेचे नाव दोन प्रकारे लिहिले जाते, म्हणून सापडत नाही

बारामती ज्या नदीकाठी वसली तिच्या नावातच ही अडचण आहे. 'कऱ्हा' हा शब्द संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. पहिल्या रीतीत ०९३१ या क्रमांकाचा, खाली नुक्ता असलेला 'ऱ', मग हलन्त, मग 'ह' येतो. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग 'ह' येतो: 'कर्‍हा'. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. तलाठी कार्यालयातल्या माणसाने एका रीतीने नोंद केली आणि तुम्ही दुसऱ्या रीतीने शोध घेतला, तर नाव असूनही हाती लागत नाही. 'शेतकऱ्यांची यादी', 'दुसऱ्या हप्त्याचे बिल', 'नोकऱ्या' यांचीही हीच कथा. कोणी जोडचिन्ह टाकायचे विसरले की 'कर्हा' असा डोक्यावर रफार घेतलेला तिसराच शब्द तयार होतो आणि तो तर सरळ चुकीचा.

हे असे का झाले? युनिकोडने पहिली रीत भारतीय मानकाला धरून घेतली आणि दुसरी जुन्या आवृत्तीतला मजकूर मोडू नये म्हणून राहू दिली. आता दोन्ही कायम राहणार, कारण एकदा दिलेला क्रमांक कधीही काढायचा किंवा हलवायचा नाही हा युनिकोडचा पक्का नियम आहे. तो नसता, तर आज साठवलेला तुमचा सातबारा वीस वर्षांनी वाचता आला नसता. तेव्हा 'यातली एक रीत रद्द करा' अशी मागणी करण्यात वेळ घालवू नका, ती मान्य होणार नाही. मागणी अशी करा: शोधताना दोन्ही रीती एकच माना. ही दुरुस्ती संकेतस्थळाच्या बाजूने होते आणि जाणत्या प्रोग्रामरला ती अवघड नाही. 'ॲ' या अक्षराचीही तीच गत आहे. २००८ साली त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला, पण 'अ'वर चंद्र चढवून लिहिलेला जुना 'अॅ' अजून सर्वत्र आहे. 'ॲड.' लावून नोंदवलेले वकिलांचे नाव शोधून पाहा, लगेच प्रचिती येईल.

तुम्ही स्वतः लिहिताना पहिलीच रीत वापरा. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ'ला स्वतंत्र जागा आहे.

कोण काय ठरवते?

निर्णयाला लागते तेवढेच सांगतो.

- अक्षरांचे क्रमांक आणि ती जोडण्याचे नियम: युनिकोड कन्सॉर्शियम.
- पानाची मांडणी, सुलभता (दिव्यांगांनाही वापरता येणे), अक्षरांतले अंतर: वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम, म्हणजे डब्ल्यूथ्रीसी.
- एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहिण्याची भाषा: व्हॉटडब्ल्यूजी हा ब्राउझर बनवणाऱ्यांचा गट. २०१९ च्या करारानंतर एचटीएमएलचा एकच मजकूर तिथे सांभाळला जातो आणि तो सतत दुरुस्त होत राहतो.
- संकेतस्थळांचे पत्ते, ईमेल, भाषेच्या खुणा: आयईटीएफ. इथे सदस्यत्व नाही आणि मतदानही नाही. ढोबळ सहमती झाली की पुढे जातात.
- भारतापुरते मानक: भारतीय मानक ब्यूरो. देवनागरी साठवण्याचे इस्की हे मानक १९९१ चे, तर सुधारित इनस्क्रिप्ट कळफलकाचे आयएस १६३५० हे २०१६ चे.

मानक ठरले म्हणजे ते पाळले जातेच असे नाही. देवनागरीतला '.भारत' हा पत्ता २०१४ मध्ये सुरू झाला, तेव्हा मराठी त्यात पहिल्या दिवसापासून होती. तरी कित्येक ऑनलाइन अर्ज आजही '.भारत' असलेला ईमेल पत्ता 'अवैध' म्हणून परत करतात. मानक तयार आहे, अर्ज बनवणाऱ्यांनी ते वाचलेले नाही. मला या साऱ्या विषयातली सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते: मराठीच्या बऱ्याच अडचणींवर उत्तर लिहून ठेवलेले असते आणि ते वापरण्याचा आग्रह कोणीच धरत नाही.

मसुद्यापासून मंजुरीपर्यंत

डब्ल्यूथ्रीसीचा रस्ता समजला की बाकीचे समजायला सोपे जातात.

१. वर्किंग ड्राफ्ट. कार्यगट पहिला मसुदा जाहीर करतो आणि तो पुन्हा पुन्हा बदलतो. तुमच्या सूचनेला सर्वांत जास्त वजन याच काळात असते.

२. आढावा. सुलभता, खासगीपण, सुरक्षा आणि जगातल्या भाषा अशा अंगांनी जाणकार गट मसुदा तपासतात. मराठीचा प्रश्न भाषांच्या गटाकडे न्यायचा.

३. कँडिडेट रेकमेंडेशन. 'आता बनवून दाखवा' असा हा टप्पा. कागदावरचे नियम एकमेकांपासून स्वतंत्र अशा किमान दोन ठिकाणी चालतात का, हे साधारणपणे पाहिले जाते. इथे 'आवडले नाही' एवढे म्हणून भागत नाही, चाचणीत कुठे मोडते ते दाखवावे लागते.

४. सदस्य संस्थांचा कौल आणि रेकमेंडेशन. मंजूर मानक कोणालाही स्वामित्वधन न देता वापरता येते.

या सगळ्याला वेळ किती लागतो? संकेतस्थळांच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी २.२ हे मानक घ्या. पहिला जाहीर मसुदा फेब्रुवारी २०२० मध्ये आला आणि मंजुरी ५ ऑक्टोबर २०२३ रोजी मिळाली. साडेतीन वर्षांहून अधिक काळ दार उघडे होते.

इथे तुमचे काही हक्क आहेत. सदस्य नसलात तरी सूचना करता येते. कार्यगटाला तिची दखल घ्यावी लागते आणि काय ठरवले ते कळवावे लागते. उत्तर पटले नाही, तर औपचारिक हरकत नोंदवता येते. तिचा निकाल लागल्याशिवाय तो विषय बाजूला सारता येत नाही.

युनिकोडची पद्धत थोडी वेगळी आहे. तांत्रिक समितीच्या बैठका वर्षातून चार वेळा होतात, मत सदस्य संस्था देतात, पण प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो. गरज स्पष्ट आणि पुरावा ठोस असला की काम झपाट्याने होते. रुपयाचे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१० मध्ये मंजूर केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या युनिकोड ६.० मध्ये ते होते. याउलट 'श्री' फुटण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. युनिकोडच्या जुन्या नियमात हलन्तानंतर अक्षर संपते असे धरले जाई. त्यामुळे पहिले अक्षर वेगळे काढायला सांगितले की यंत्र 'श्' उचलायचे आणि 'री' मागे सोडायचे. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत हा नियम बदलला आणि देवनागरी जोडाक्षर एकसंध मानले जाऊ लागले. नियम बदलला, तरी तो ब्राउझरमध्ये आणि तिथून तुमच्या फोनवर उतरायला वेळ जातो. म्हणून साप्ताहिकाच्या संपादकांनी आधी ब्राउझर अद्ययावत करून पाहावा. तरीही 'श्री' फुटत असेल, तर त्या ब्राउझरकडे दोष नोंदवावा आणि सोबत १५.१ चा उल्लेख करावा.

भारतीय मानक ब्यूरो मसुदे सार्वजनिक अभिप्रायासाठी मुदत देऊन जाहीर करते. अभिप्राय कोणत्या कलमावर, का, आणि त्याऐवजी काय हवे, अशा रकान्यांत मागितला जातो. रकाने सोडून लिहिलेले लांबलचक पत्र समितीला वापरता येत नाही.

सूचना कशी लिहाल?

- एका नोंदीत एकच अडचण.
- बिघडलेल्या पानाचे छायाचित्र, आणि शेजारी तोच शब्द बरोबर छापलेला असा पुस्तकातला किंवा वर्तमानपत्रातला नमुना.
- शब्द कोणत्या क्रमांकांनी बनला आहे ते लिहा. 'कऱ्हा नीट दिसत नाही' यापेक्षा 'हा शब्द ०९१५, ०९३१, ०९४D..' असा क्रम अर्धे काम करतो. युनिकोड क्रमांक दाखवणारी मोफत साधने उपलब्ध आहेत.
- फोन, प्रणाली, ब्राउझर आणि फॉन्ट यांच्या आवृत्त्या.
- काय व्हायला हवे ते एका वाक्यात.

नोंदीची भाषा व्यवहारात इंग्रजीच आहे. त्याने अडून बसू नका. विद्या प्रतिष्ठानच्या कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा इंदापूर परिसरातल्या महाविद्यालयांत संगणक शिकणारी मुले आहेत. मराठी शाळेतल्या शिक्षकांनी चूक दाखवायची आणि मुलांनी ती इंग्रजीत नोंदवायची, ही जोडी उत्तम चालेल. मुलांनाही यात कमवण्यासारखे आहे. ब्राउझरांच्या सामायिक चाचणीसंचात मराठीची एखादी चाचणी लिहिली आणि स्वीकारली गेली, तर ती त्यांच्या नावावर कायम राहते. डब्ल्यूथ्रीसीने देवनागरीतल्या उणिवांची एक यादीच ठेवली आहे. 'देवनागरी गॅप ॲनालिसिस' या नावाने शोधा. तुमची अडचण तिथे आधीच असेल, तर नवी नोंद न करता त्याच नोंदीखाली नमुना जोडा. मराठीचा नमुना तिथे विशेष मोलाचा, कारण देवनागरी म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हिंदीच येते.

सीएलडीआरमधली मराठी माहिती तपासायची जागा ठरावीक काळापुरतीच उघडते. महिन्यांची लघुरूपे किंवा देशांची मराठी नावे चुकली आहेत असे वाटत असेल, तर ती वेळ पाहून खाते उघडा.

इथे सावध राहा

- 'डब्ल्यूथ्रीसी प्रमाणित वेबसाइट' विकणारे. डब्ल्यूथ्रीसी कोणत्याही संकेतस्थळाला प्रमाणपत्र देत नाही. तपासणीची साधने फुकट आहेत, ती तुम्हीही चालवू शकता. सरकारी संकेतस्थळांना दर्जाचे प्रमाणपत्र देणारी यंत्रणा म्हणजे केंद्राची एसटीक्यूसी. डब्ल्यूथ्रीसीच्या प्रमाणपत्रासाठी ग्रामपंचायत किंवा सोसायटीकडून कोणी वेगळे पैसे मागत असेल, तर देऊ नका.
- सह्यांची मोहीम. हजार सह्यांपेक्षा एक नीट नमुना भारी ठरतो. इथे संख्येवर निर्णय होत नाहीत.
- तुमची नोंद सार्वजनिक राहते. छायाचित्रात कोणाचा आधार क्रमांक, खाते किंवा सातबाऱ्यावरची नावे असतील, तर आधी झाकून टाका.
- 'हिंदी' अशी खूण लागलेले मराठी पान. पानाच्या भाषेची खूण मराठी, म्हणजे 'एमआर' हवी. ती हिंदीची असली, तर काही फॉन्ट 'ल' आणि 'श' यांची हिंदी वळणाची रूपे दाखवतात आणि पाकळीचा ल, देठाचा श गायब होतो. दृष्टिहीन वाचकांचे पडदावाचकही मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचू लागतात. एका शब्दाची दुरुस्ती आहे, आजच करून घ्या.

कायदा तुमच्या बाजूने कुठे उभा राहतो?

जागतिक मानक स्वतःहून कोणावर बंधनकारक नसते. कायद्याने किंवा कराराने त्याचे बोट धरले की मात्र ते बंधनकारक होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल असा असावा, याची उपाययोजना शासनाने करायची आहे, आणि कलम ४६ खाली खासगी सेवा देणारेही येतात. त्यासाठीचे भारतीय मानक आयएस १७८०२. त्यातला संकेतस्थळांचा भाग डब्ल्यूसीएजीच्याच पायावर उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात, सुलभतेचे नियम निव्वळ शिफारशी असून चालणार नाहीत, ते सक्तीचे हवेत, असे ठरवले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. केवायसी करताना डोळे मिचकावता न आल्याने कोणाचे खाते अडत असेल, तर हा निकाल बँकेच्या शाखेत दाखवा.

दाद मागण्याचा क्रम असा ठेवा. आधी संबंधित कार्यालयाला किंवा संस्थेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर नाही आले, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. अडचण सुलभतेची नसून मराठीची असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(४) वाचा. सरकारी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची माहिती स्थानिक भाषा लक्षात घेऊनच द्यायची आहे. शोधता न येणारी यादी ही दिलेली माहिती म्हणायची का, हा प्रश्न अर्जात जरूर विचारा.

नवी वेबसाइट करून घेत असाल, तर करारात हे लिहून घ्या

पतसंस्था, शाळा, साप्ताहिके, शेतमाल उत्पादक कंपन्या या सर्वांसाठी ही कलमे. पैसे देण्यापूर्वीच बोलायचे, कारण नंतर प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे बिल येते.

- सर्व मजकूर युनिकोडमध्ये, जाहीर केलेल्या पीडीएफसह. पीडीएफमधून 'शेतकऱ्यांची' हा शब्द कॉपी करून जसाच्या तसा चिकटला पाहिजे.
- मराठी पानांना मराठीची खूण.
- 'ऱ' आणि 'ॲ' यांच्या दोन्ही रीती शोधात एकच. तपासणीसाठी कऱ्हा, कऱ्हावागज आणि ॲड. हे शब्द करारातच लिहा.
- रक्कम १,२५,००० अशी, दिनांक दिवस-महिना-वर्ष असा.
- सुलभता डब्ल्यूसीएजी २.१ च्या एए पातळीइतकी किंवा त्याहून वरची.
- संबंध संपला, तर सर्व माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत.
- शेवटचा हप्ता या तपासण्या तुमच्यासमोर, तुमच्याच फोनवर पार पडल्यानंतर.